पाठीशी उभा

माझ्या नणंदेला लाँड्रीत सगळे ‘कडक’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, पण वन्संना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकदा नव्याने लागलेल्या मुलीने चुकून विचारलं, “कडकबाई, ही चादर कुठे ठेवू?” बाकीच्या मुलींनी माना खाली घातल्या. वन्संनी प्रेसवरची नजर न काढता सांगितलं, “आधी तिच्या चुण्या काढ, मग माझी उणीदुणी काढ.”

ती लाँड्री एका लांबट इमारतीच्या तळमजल्यावर होती. पुढे काउंटर, त्यामागे हँगरच्या रांगा, त्याही मागे धुण्याची यंत्रं आणि अगदी शेवटी प्रेसची खोली. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, वकिलांचे काळे कोट, लग्नघरचे आणि मयताच्या घरचे कपडे, सगळं त्या एका खोलीतून जायचं. तिथे बारा महिने उन्हाळा. वाफेने भिंतींच्या रंगाचे पापुद्रे सुटलेले. वन्सं सकाळी सगळ्यांच्या आधी येत आणि मोठ्या स्टीम प्रेसपाशी उभ्या राहत. शर्ट हातात आला की आधी कॉलरची उलटी बाजू, मग सुलटी, मग खांदा, मग बाह्या. हा क्रम कुणी मोडलेला त्यांना खपत नसे. कपड्यांचा बारीक तंतू आणि डाग काढायच्या औषधांची वाफ वर्षानुवर्षं छातीत जाऊन त्यांना दमा जडला होता. श्वास घेताना शिट्टी वाजे. “मालकांनी एक बॉयलर माझ्यातही बसवलाय,” असं म्हणून त्या स्वतःच हसत.

त्यांचे यजमान एका कंपनीत तपासणीचं काम करत. इतर लोकांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, हाच त्यांचा व्यवसाय. मृदू आवाज, स्वच्छ कपडे, पायात नेहमी रबरी तळव्यांच्या चपला. दारू नाही, शिवी नाही, हात उगारणं तर नाहीच. आम्ही भेटायला गेलो काय, ती दोघं आमच्याकडे आली काय, वन्सं ओट्यापाशी आणि ते त्यांच्या मागे दाराच्या चौकटीला टेकलेले, हे चित्र ठरलेलं. सासूबाईंना जावयाचं फार कौतुक. “बघा कसा सतत पाठीशी उभा असतो हिच्या! नाहीतर आमचे हे!” असं त्या म्हणाल्या की सासरे वर्तमानपत्राआडून खाकरत आणि आम्ही सगळे हसत असू. संध्याकाळी ते लाँड्रीतही येत. मागच्या दाराने आत शिरून प्रेसच्या खोलीत उभे राहत. मालकांची हरकत नव्हती. तिथल्या मुलींना वन्संचा हेवा वाटायचा.

मागून कुणी हाक मारली तर वन्सं वळत नसत. खांदे आवळून जागच्या जागी थांबत, हाक मारणाऱ्याने पुढे यावं म्हणून. हाही त्यांच्या कडकपणाचाच भाग, असं आम्ही धरून चाललो होतो.

यजमान झोपेतच गेले. वन्संच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नकोच. मूलबाळ नव्हतं. पुढे त्यांचा भाऊ, म्हणजे माझे पती गेल्यावर आम्ही दोघी आपापल्या घरी एकट्या राहत होतो आणि रविवारी भेटत होतो. त्या माझ्याहून लहान, पण नणंद, म्हणून मी त्यांना अहोजाहो करायची आणि त्या मला अगं तुगं.

अपघात सकाळी झाला. प्रेसला वाफ आणणाऱ्या नळीच्या सांध्याला बरेच दिवस दोरा गुंडाळून काम भागवलं जात होतं. तो सांधा सुटला तेव्हा वन्संचे दोन्ही हात प्रेसवर होते. वाफ हातांना काखेपर्यंत लागली, मानेला लागली, आणि घाबरून जो मोठा श्वास घेतला त्याबरोबर आतही गेली.

भाजलेल्यांच्या वॉर्डात पडदे होते, पण आवाजाला पडदा नसतो. मी पोचले तेव्हा वन्संचे हात पांढऱ्या गुंडाळ्यांत उशांवर ठेवलेले होते. हातांचे डॉक्टर मोजकं बोलणारे गृहस्थ होते. जखमा वरचेवर घासून साफ कराव्या लागतील, त्या तयार झाल्या की मांडीची पातळ कातडी काढून हातांवर लावायची, आणि ती धरेपर्यंत हात अजिबात हलता कामा नये, असं त्यांनी सांगितलं.

“आणि नाही धरली तर?” मी विचारलं.

“हात हळूहळू आत ओढला जाईल. पक्ष्याच्या पंजासारखा.”

वन्संचा आवाज घोगरा झाला होता. “इस्त्री धरता येईल का मला?”

“कातडी धरली तर इस्त्रीही धरता येईल,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

भूल देणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या, जाड चष्म्याच्या. कॉरिडॉरमधल्या बाकावर माझ्याशेजारी बसून त्यांनी शांतपणे समजावलं. “काकू, नेहमीची भूल द्यायची तर घशात नळी घालावी लागेल, श्वास यंत्राने द्यावा लागेल. मावशींच्या छातीचे आधीच तीनतेरा वाजलेत. म्हणून मी वेगळं औषध देणार आहे. केटामीन. त्यात माणूस आपला श्वास आपण घेत राहतो. रक्तदाब पडत नाही. दम्याने आवळलेल्या नळ्या उलट मोकळ्या होतात. दुखणं जागच्या जागी असतं, पण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. नंतर वेदनेची बाकीची औषधंही कमी लागतात.”

“आणि वाईट काय?”

“डोळे उघडे राहतात, ते बघून घाबरू नका. लाळ सुटते. रक्तदाब कधी कधी नको इतका वाढतो. आणि स्वप्नं पडतात. काहींना छान पडतात, काहींना भयानक. मन शरीरापासून सुटं होतं, काकू. ते सुटल्यावर कुठे जाईल, हे माझ्या सिरिंजमध्ये नसतं.”

हे सगळं त्यांनी आत जाऊन वन्संनाही सांगितलं. वन्संनी ऐकून घेतलं. “तुम्ही भूल देणाऱ्या ना? मग भूलथापा कमी द्या आणि औषध जास्त.”

ड्रेसिंगच्या खोलीतली नर्स बडबडी होती. हात चालवता चालवता ती आपल्या जावेच्या कागाळ्या सांगायची. एकदा मी दाराच्या गोल काचेतून आत पाहिलं. वन्संचे डोळे सताड उघडे होते आणि बुबुळं सावकाश इकडून तिकडे झुलत होती. खाली त्यांच्या हातांवरून, लाल, कच्च्या मांसावरून, नर्सचा बोळा फिरत होता. चेहऱ्यावर मात्र एक रेघ हलत नव्हती. मी बाकावर येऊन बसले.

शुद्धीवर आल्यावर वन्सं म्हणाल्या, “कापसात होते गं. लांबून कुणाच्या तरी जावेची भांडणं ऐकू येत होती, रेडिओ लावल्यासारखी. नंतर काय झालं त्या जावेचं?”

“वेगळी निघाली म्हणे.”

“बरं झालं.”

अशी ड्रेसिंग सुखरूप होत गेली. ते औषध नसतं तर काय झालं असतं, हे शेजारच्या पडद्याआडून रोज कानावर येत होतं. कातडी लावायचा दिवस ठरला तेव्हा मी जवळजवळ निर्धास्त होते. ऑपरेशनची खोली वेगळी होती, मोठी. औषधही जास्त द्यायचं होतं. मला बाहेर थांबवलं. हातांचे डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली ओढून म्हणाले, “चांगली बसलीय.” माझा जीव भांड्यात पडला.

आणि तेवढ्यात ती किंकाळी आली. तो आवाज वन्संचा आहे हे मला कळलंच नाही. भूल उतरते त्या खोलीत मी धावले तेव्हा त्या अर्ध्या उठून बसल्या होत्या. दोन नर्स आणि एक धट्टाकट्टा वॉर्डबॉय त्यांना धरत होते आणि त्या त्यांना आवरत नव्हत्या. डाव्या हाताची गुंडाळी त्यांनी दातांनी फाडली होती. उजवा हात पलंगाच्या कठड्यावर आपटत होत्या, पाठीमागे, पुन्हा पुन्हा, मागच्या कुणाला तरी दूर लोटावं तसा. “बघू नको! बघू नको!” एवढंच तोंडात. भूलवाल्या डॉक्टरांनी दुसरं कसलं तरी इंजेक्शन दिलं तेव्हा त्या निपचित पडल्या. लावलेली कातडी ओल्या कागदासारखी सरकून सुरकुतली होती. हातांच्या डॉक्टरांनी ती चिमट्याने उचलली, पाहिली आणि ट्रेमध्ये ठेवली.

त्यानंतर वन्संनी ते औषध घ्यायचं नाकारलं. कारण सांगितलं नाही. पुढची ड्रेसिंग त्यांनी तोंडात टॉवेलची घडी धरून करून घेतली. बाहेर बसून मी ती ऐकली. नर्सच्या जावेबद्दल त्या दिवसांत काहीच कळलं नाही, कारण नर्स गप्प असायची आणि बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायची. “असं किती दिवस करणार, आजी?” तिने एकदा विचारलं. “आजी कुणाला म्हणतेस?” वन्सं टॉवेल बाजूला थुंकत म्हणाल्या.

पण कातडी लावणं टॉवेलवर भागणारं नव्हतं. जखमाही थांबणाऱ्या नव्हत्या. बोटं आतल्या आत वळायला लागलीत, असं हातांच्या डॉक्टरांनी बजावलं. मांडीवरही अजून एकदाच कातडी निघेल एवढी जागा होती.

दुपारच्या वेळी भूलवाल्या डॉक्टर एकट्याच आल्या. स्टूल ओढून पलंगाशी बसल्या. “मावशी, मला रागवा, पण सांगा. काय दिसलं?”

वन्सं छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्हीच म्हणालात ना.”

“मी काय म्हणाले?”

“‘घाबरू नका मावशी, मी तुमच्या पाठीशी उभी आहे.’ आणि खरंच उभ्या होतात. माझ्या डोक्याच्या मागे. दिसत नव्हतात.”

“आमची उभं राहायची जागाच ती,” डॉक्टर गोंधळून म्हणाल्या. “आणि ते तर मी ऑपरेशनच्या टेबलावर सगळ्यांनाच म्हणते.”

“सगळ्यांना बरंच वाटत असेल.” वन्संच्या छातीतली शिट्टी वाजली. त्या माझ्याकडे वळल्या. “वहिनी, आई काय म्हणायची आठवतं? जावई पाठीशी उभा असतो. तुम्ही सगळे हसायचात.”

मी मान हलवली.

“ह्यांची तेवढी एकच सवय होती. मागे येऊन उभं राहायचं. चपलेचा आवाज नाही, काही नाही. मी विचारायची, काय हवंय? तर म्हणायचे, ‘चालू दे तुझं. मी नुसता बघतोय.’ माझ्याकडून काही चुकलं की श्वास सोडायचे. इथे, मानेवर.” हात उचलता येत नव्हता म्हणून त्यांनी मानच थोडी वाकवली. “बस, एवढंच. मारलं असतं तर सांगता तरी आलं असतं. नवरा श्वास सोडतो, म्हणून कुणाकडे जाऊ?”

पलीकडच्या पडद्यामागे कुणीतरी चमच्याने ग्लास ढवळत होतं.

“एकदा घरच्या इस्त्रीवर हात टेकला माझा. हे मागे होते. मी हात काढला नाही, डॉक्टरीणबाई. दचकून काढला असता तर श्वास सोडला असता ना. घडीवरून इस्त्री पुरी फिरवली आणि मग काढला.”

“आणि त्या दिवशी तिथे ते आले?” डॉक्टरांनी अगदी हळू विचारलं.

“ते आले असते तर परवडलं असतं. ते नाही आले. मी आले. मी माझ्याच मागे उभी होते. ते उभे राहायचे तिथे, तेवढ्याच अंतरावर. समोर टेबलावर एक बाई होती, तिचे हात सोलत होते, आणि मी नुसती बघत होते. मला तिची कीवसुद्धा आली नाही. मग मी श्वास सोडला. तिची मान शहारली, ती दिसली मला.”

डॉक्टरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्याशिवाय त्या फारच लहान दिसत होत्या. “हे औषधच असं आहे,” त्या म्हणाल्या. “माणूस स्वतःला बाहेरून बघतो. कुणी वरून बघतं, कुणी बाजूने. तुम्ही कुठून बघायचं ती जागा माझ्या शब्दाने ठरली. झोपेच्या कडेवर असताना जे कानात पडतं, जे मनात असतं, तेच आत जातं.”

मग त्यांनी पुढचं सांगितलं. केटामीनच द्यावं लागणार, दुसरा धड मार्ग नाही. काखेत सुई देऊन हात बधिर करावा तर तिथपर्यंतची कातडी सोललेली, तिथे सुई टोचली तर जंतू आत जातील. पण या खेपेला जोडीला थोडं गुंगीचं औषध देऊ, खोलीत बडबड होऊ देणार नाही, आणि मी मागे उभी राहणार नाही. “फक्त मला एक जागा सांगा, मावशी. तुम्हाला जिथे बरं वाटायचं अशी. कुठलीही. औषध चढताना तिथेच जायचं.”

“जागा?” वन्सं म्हणाल्या. “माझी?”

त्यांना सुचेना. म्हणून मी सुचवायला लागले. “समुद्रावर गेला होतात ना लग्नानंतर?”

“गेले होते. पाण्यात उभी होते. मागे कोण होतं सांगू?”

“शाळा?”

“पहिल्या बाकावर बसवायचे मला. मागे सगळा वर्ग.”

“आईंचं स्वयंपाकघर तरी...”

“तिथे तर तुम्हा सगळ्यांच्या देखत.”

देऊळ, बाग, आजोळ, एकेक नाव ओठांवर आलं आणि तसंच गिळलं. एका माणसाच्या अख्ख्या आयुष्यात पाठ मोकळी असलेली चार पावलं जागा सापडू नये, हे समोर बसून बघणं कठीण होतं. डॉक्टर घड्याळाकडे बघत नव्हत्या, पण बाहेर त्यांना दोनदा हाक आली.

“आनंदाचीच जागा हवी असं नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “मागे कुणी उभं राहू शकत नाही अशी कुठलीही.”

“गच्ची,” वन्सं म्हणाल्या. “वहिनी, तू नवीन लग्न होऊन आलीस तेव्हा आपण चादरी वाळत घालायचो ती. चादरीची घडी घालताना मी कठड्याला पाठ लावून उभी राहायची. कठड्यामागे नुसती हवा. आणि तू समोर.”

“मला तेव्हा घडी घालायला येत नव्हती,” मी म्हटलं.

“अजून येत नाही. कोपरे जुळवत नाहीस.”

डॉक्टर हसल्या आणि उठल्या. “काकू, तुम्ही आत येणार.”

ऑपरेशनच्या दिवशी मला हिरवा झगा आणि टोपी चढवली. हातांचे डॉक्टर कुरकुरले, “हा काय घरगुती समारंभ आहे?” भूलवाल्या डॉक्टर म्हणाल्या, “हातांचं तुम्ही बघा सर, मनाचं मला बघू द्या.” त्यांनी आपलं यंत्र बाजूला ओढून घेतलं आणि वन्संना दिसतील अशा, खांद्याशी बसल्या. मी टेबलाच्या पायथ्याशी उभी राहिले, समोर. दिवे मोठे होते, थंडी होती. औषध नळीत सोडलं.

“धरलंत का?” मी विचारलं.

“धरलं.”

“ताणा.”

“मी ताणलीय. झोळ तुझ्या बाजूला आहे.”

“आता?”

“आता सरळ आहे. ये जवळ.” शब्द ओले आणि जड व्हायला लागले. “कोपरा दे. तो नाही. दुसरा...”

“हा?”

उत्तर आलं नाही. डोळे उघडेच होते, पण त्यांत मी नव्हते, छत नव्हतं. बुबुळं सावकाश झुलायला लागली. डॉक्टरांनी मला खुणेने बाहेर जायला सांगितलं.

मधेच रक्तदाब इतका चढला की आपले हात गार पडले होते, असं भूलवाल्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. औषध देऊन तो उतरवावा लागला. मी भूल उतरायच्या खोलीत बसले होते. किंकाळीची वाट बघत, असंच म्हणायला हवं. किंकाळी आली नाही. वन्संनी डोळे मिचकावले, ओठ ओले केले आणि पुटपुटल्या, “एक राहिलीय अजून.” मग झोपल्या. हात प्लास्टरच्या पट्ट्यांत जसेच्या तसे होते.

गुंडाळ्या सोडल्या त्या दिवशी हातांच्या डॉक्टरांनी आधी उजवा हात उघडला. जांभळट, गुलाबी, पण घट्ट बसलेली कातडी. नर्सने टाळीच वाजवली. मग डावा उघडला आणि तो उघडायच्या आधीच वास आला. डॉक्टरांनी हिरवट चिकट थर बोळ्याने पुसला, तर त्याबरोबर कातडीही आली.

“मी हलवला का?” वन्संनी विचारलं.

“नाही. कुणाचीच चूक नाही. जंतू.”

चूक कुणाचीच नसली की माणूस भांडणार तरी कुणाशी? वन्सं त्या हाताकडे बघत राहिल्या, दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तशा.

पुढच्या आठवड्यांत उजवा हात सुधारत गेला. बोटं वाकायला लागली. ड्रेसिंग आता किरकोळ उरलं होतं, पण वन्सं त्यासाठीही केटामीन मागायच्या. नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, “बोट लावायच्या आधीच दुखतंय म्हणतात हो.” ज्या बाईने टॉवेल तोंडात धरून अंगाची सालटी काढून घेतली होती, ती आता पट्टी बदलायच्या सकाळी दाराकडे डोळे लावून बसायची. औषध नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड करायची. मला वाटलं, थकल्या असतील. दुखून दुखून माणूस हळवा होतो.

भूलवाल्या डॉक्टर आल्या तेव्हा हातात तिसऱ्या ऑपरेशनचे कागद होते. “मांडीची जागा भरून आलीय, मावशी. आणि चांगली बातमी, काखेची कातडीही बरी झालीय. आता तिथे सुई देऊन नुसता हात बधिर करते. मांडीलाही वेगळी सुई. तुम्ही जाग्या राहाल, श्वासाची भीती नाही.”

“नको. तेच द्या.”

“तेच नाही देता येणार. मागच्या वेळी रक्तदाब चढला तेव्हा मी घाबरले होते. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता म्हणून धोका पत्करला. आता मार्ग आहे. आणि...” त्या थांबल्या. “हे औषध वरचेवर घेतलं की जास्त जास्त लागत जातं. मग मनच ते मागायला लागतं. तुम्ही मागायला लागलात, मावशी. जखमेसाठी नाही.”

वन्संनी आढेवेढे घेतले नाहीत. “तिथे गच्चीवर वहिनी समोर असते,” त्या म्हणाल्या.

“वन्सं, मी इथेही समोरच आहे की,” मी म्हटलं.

“आहेस. पण इथे मागची जागा पण आहे ना.”

डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं. मीही समजावलं, विनवलं, शेवटी रागावले. जाग्या राहून त्या टेबलावर पडायचं, डोक्यामागे माणसं, हिंडणारी, बघणारी, हे त्यांना जमणार नव्हतं. पडदा लावू, मी समोर बसेन, गुंगीचं थोडं देऊ, कशानेही त्यांची मान होकारार्थी हलली नाही. आणि जे त्या मागत होत्या ते द्यायला डॉक्टर तयार नव्हत्या. त्या बरोबरच होत्या. हे मी तेव्हाही जाणत होते आणि तरी त्या दिवशी मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. हातांच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ मारली. डावा हात आपोआप भरत गेला आणि भरता भरता आत ओढला गेला, त्यांनी सांगितलं होतं तसाच.

वन्संना मी माझ्या घरी आणलं. त्यांचा पलंग कोपऱ्यात लावला, जेवायची खुर्ची भिंतीला. उजव्या हाताने त्या आपलं आपण करायच्या. केटामीनचं नाव पुन्हा निघालं नाही, पण काही दिवस त्या चिडचिड्या, घामाघूम असायच्या, आणि मधेच डोळे उघडे ठेवून कुठेतरी बघत बसायच्या.

एके दिवशी लाँड्रीचे मालक फुलं घेऊन आले. खुर्चीच्या कडेवर बसले, टाळूवरून हात फिरवला. नळीच्या सांध्याचा विषय त्यांना काढायचा नव्हता आणि आम्हीही काढला नाही. “तुमच्याशिवाय सगळा सावळागोंधळ आहे,” ते म्हणाले. “तुम्ही या परत. हाताला काही काम नाही द्यायचं. मुली ऐकत नाहीत, लक्ष नसतं. तुम्ही नुसतं त्यांच्या पाठीमागे उभं राहायचं. बघत राहायचं. बस.”

त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. वन्संचा चेहरा मात्र पांढरा पडला. मी चहाचा कप त्यांच्यापुढून सरकवला, सांडू नये म्हणून.

“मालक,” त्या म्हणाल्या, “माझा उजवा हात चालतो. मला घड्यांच्या टेबलावर बसवा. मुलींच्या समोर.”

मालकांनी त्या मुडपलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. “एका हाताने चादर कशी धरणार?”

वन्सं त्यांच्याकडे बघत राहिल्या. छातीतली शिट्टी वाजत होती.

“मग राहू द्या,” त्या म्हणाल्या.